घरातील मोडी कागद टॅबलेटवर कसे वाचावेत

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत, वाड्यांत आणि देवस्थानांत अजूनही पेटीच्या तळाशी किंवा कापडी रुमालात बांधलेले मोडी कागद सापडतात. इनामाची सनद, जमिनीचे खरेदीखत, वाटणीपत्र, सावकारी हिशेब, लग्नातील देण्याघेण्याच्या याद्या, क्वचित एखादे खासगी पत्र असा हा ऐवज असतो. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिपीचा निर्णय घेतला, त्यानंतरच्या काही दशकांत मोडी लिहिणारी पिढी सरत गेली आणि पणजोबांनी सहज खरडलेली यादी पणतवंडांना परकी झाली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सरकारी कचेऱ्यांच्याही ध्यानात आले.

या कामासाठी टॅबलेटचा विचार सहसा कोणी करत नाही. मुलांचे ऑनलाइन वर्ग संपल्यापासून घरोघरी तो व्हिडिओ पाहण्यापुरता उरला आहे. माझे मत मात्र असे आहे की मोडी शिकणाऱ्याला टॅबलेट हा संगणकापेक्षाही अधिक उपयोगी पडतो, कारण त्याच्या पडद्यावर मूळ कागदाच्या वरच लिहिता येते. मोडी ही हात शक्यतो न उचलता लिहिण्याची लिपी आहे. आधी ओळभर शिरोरेषा आखून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरांमागून अक्षरे ओढत न्यायची, अशी तिची रीत असल्यामुळे प्रत्येक अक्षराचे रूप लेखणी कोणत्या बाजूने आली आणि कोणत्या बाजूला निघाली यावर बरेचसे ठरते. नुसता तक्ता पाहून मुळाक्षरे पाठ केलेला माणूस खऱ्या कागदासमोर बसला की दुसऱ्याच ओळीला अडखळतो, तर तीच अक्षरे गिरवून शिकलेल्याला लेखणीची वाट कळलेली असते आणि तो अपरिचित वळणातूनही मार्ग काढतो.

पुढील मार्गदर्शन मोडीच्या मुळाक्षरांची तोंडओळख झालेल्यांसाठी आहे. ती नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडी प्रशिक्षणाचे वर्ग घेतले जातात, आणि अनेक संस्थाही असे वर्ग चालवतात. तेथे आधी शिकावे आणि मग टॅबलेट हाती घ्यावा.

साधने

दहा इंचांच्या आसपासचा कोणताही टॅबलेट चालतो. पेनच्या बाबतीत थोडा विचार करावा लागतो. रबरी टोकाचे स्वस्त पेन सगळ्या पडद्यांवर चालते, पण त्याचे टोक जाड असल्यामुळे आपण जी रेघ गिरवतो तीच त्याखाली झाकली जाते. दाब ओळखणारे, त्या त्या टॅबलेटसाठी बनवलेले पेन महाग असले तरी हात पडद्यावर टेकवून लिहिता येत असल्याने मोडीसाठी त्याचा खर्च मला रास्त वाटतो. घरात ते आधीच असेल तर उत्तमच. नसेल तर पहिला महिना रबरी पेनावर काढून मग ठरवावे.

ॲपही मोजकेच लागतात. फोटो सुधारण्यासाठी स्नॅपसीड, लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, टाकून चित्र काढण्यासाठी अँड्रॉइडवर क्रिता किंवा आयबिसपेंट आणि आयपॅडवर प्रोक्रिएट, बोलून टंकन करण्यासाठी मराठी भाषा घातलेला जीबोर्ड आणि नोंदींसाठी एखादे साधे स्प्रेडशीट, एवढे पुरते.

कागद उलगडणे आणि फोटो घेणे

कागद हातात घेण्यापूर्वी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. घडीवर तुटू लागलेला कागद जबरदस्तीने सपाट करू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. लॅमिनेशन केलेला कागद पुढे कोणत्याही संवर्धकाला नीट सोडवता येत नाही. लांब पट्टीसारखे, एकाला एक जोडलेले कागद असतील तर गुंडाळी हळूहळू उलगडत एका वेळी वीतभर भाग घ्यावा, आणि जोडावर मागच्या बाजूला शिक्का किंवा अक्षरे आहेत का हे आवर्जून पाहावे. कागदाची पाठ कोरीच असणार असे गृहीत धरल्यामुळे पोच, तारीख किंवा पत्त्याची ओळ हातची जाते.

फोटोसाठी मोबाइलचा कॅमेरा वापरावा आणि फोटो नंतर टॅबलेटवर घ्यावा, कारण बहुतेक टॅबलेटचे कॅमेरे कामचलाऊ असतात. फ्लॅश बंद ठेवावा. खिडकीतून येणारा, थेट ऊन नसलेला दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. कागदाशेजारी एक फूटपट्टी ठेवावी, म्हणजे पुढे कधीही मूळ कागदाचा आकार सांगता येतो. आधी संपूर्ण पानाचा एक फोटो आणि मग तीन-चार ओळींचे, एकमेकांवर थोडे चढणारे जवळचे फोटो घ्यावेत. शाई उडाली असेल तर आणखी एक फोटो दिवा एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरून घ्यावा. बोरूच्या दाबाने पडलेला खोलगट चर अशा तिरक्या उजेडात सावलीमुळे कधी कधी उठून दिसतो.

फाइलला लगेच नाव द्यावे. ‘रुमाल १, कागद ७, पाठ, भाग २’ असे नाव दिलेली फाइल दोन वर्षांनीही सापडते. मूळ फोटोंचा एक संच वेगळ्या फोल्डरमध्ये आणि टॅबलेटबाहेरच्या पेन ड्राइव्हवर ठेवून त्याला पुन्हा हात लावू नये. पुढचे सारे काम नकलेवर करावे.

पडद्यावर शाई उठवणे

पेशवेकाळातील बहुतेक कागद काजळाच्या शाईचे असतात. ही शाई सहसा फिकट होत नाही, मात्र ओल लागली की पसरते आणि घडीवर खपली धरून निघते. इंग्रजी अमदानीतील कागदांत मात्र लोहयुक्त शाई आढळते आणि ती कालांतराने तपकिरी पडते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. काळ्या शाईच्या कागदाला फक्त कॉन्ट्रास्ट वाढवून आणि सावल्या थोड्या उजळून पुरते. तपकिरी शाईचा फोटो कृष्णधवल करून त्यावर निळ्यापासून लालपर्यंतचे रंगफिल्टर एकामागून एक लावून पाहावेत. तपकिरी शाई निळा प्रकाश अधिक शोषत असल्याने निळ्या फिल्टरखाली ती बहुधा गडद होते. कागद स्वतःच फार पिवळा पडला असेल तर पार्श्वभूमीही त्याबरोबर काळवंडते, तेव्हा हिरव्यावर थांबावे. डाग काढून टाकणारी किंवा चित्र आपोआप ‘स्वच्छ’ करणारी सोय येथे वापरू नये, कारण अनुस्वार आणि डाग यांतील फरक तिला कळत नाही.

मागची शाई पुढे उतरली असेल तर लेअरची एक युक्ती हमखास उपयोगी पडते. पाठीमागच्या बाजूचा फोटो आरशातल्यासारखा उलटवावा, तो पुढच्या बाजूच्या फोटोवर वेगळ्या लेअरमध्ये ठेवावा, त्याचा रंग लाल करून पारदर्शकता निम्मी करावी आणि कागदाच्या कडा जुळेपर्यंत सरकवावा. जी रेघ लाल रेघेच्या बरोबर खाली येते ती मागची. ती न येणारी रेघ पुढची, म्हणजे वाचायची. डोळ्यांना गचाळ वाटणारे पान या पद्धतीने सोडवता येते.

टॅबलेटचा आणखी एक उपयोग येथे सांगण्यासारखा आहे. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र उघडून प्रकाश पुरा वाढवला की टॅबलेट प्रकाशमंचाचे काम करतो. त्यावर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर सुटा, मजबूत कागद ठेवला की कागदाच्या आतली रचना दिसते. जुन्नरी किंवा दौलताबादी यांसारख्या हातकागदावर साच्याच्या बारीक रेघा दिसतात, तर एकोणिसाव्या शतकातील गिरणीच्या कागदात अनेकदा गिरणीचे नाव आणि वर्ष जलचिन्हात, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणाऱ्या खुणेत, असते. सनदेवर तारीख १७६० ची आणि जलचिन्हात वर्ष १८४० चे, असे दिसले तर हातातला कागद ही नंतरची नक्कल आहे हे निश्चित. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण मूळ म्हणूनही तो मांडता येत नाही. तुकडे पडू लागलेला कागद मात्र या परीक्षेला ठेवू नये.

गिरवणे

हा साऱ्या कामाचा गाभा आहे आणि याच पायरीवर लोक घाई करतात.

चित्रकलेच्या ॲपमध्ये फोटो सर्वांत खालच्या लेअरवर ठेवावा आणि त्याची पारदर्शकता चाळीस टक्क्यांच्या आसपास आणावी. त्यावर रिकामा लेअर घ्यावा आणि त्यात फक्त शिरोरेषा ओढावी, तीही मूळ लेखकाने जेथे सुरू केली तेथून जेथे सोडली तेथपर्यंत. मग तिसरा लेअर घेऊन अक्षरे गिरवावीत. ब्रश तिरक्या टोकाचा निवडावा, म्हणजे बोरूसारखी जाडबारीक रेघ उमटते. रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय शक्य तितकी कमी ठेवावी, नाहीतर कोपरे गोल होतात आणि नेमके तेच कोपरे दोन अक्षरांतील भेद सांगत असतात.

गिरवताना नियम एकच पाळावा, तो म्हणजे मूळ लेखकाने हात उचलला नसेल तेथे आपणही पेन उचलायचे नाही. पेन अडले, पुढची रेघ कोठून घ्यावी हे कळेना, तर तेथे आपण अक्षर चुकीच्या जागी तोडले आहे असे समजावे. मोडीतला काना अक्षराच्या पायाकडून वर शिरोरेषेकडे चढत जातो आणि तेथूनच पुढच्या अक्षराची वाट धरतो. देवनागरीच्या सवयीने तो वरून खाली ओढला की संपूर्ण शब्दाची साखळी तुटते. ‘र’ तर आपल्या शेजाऱ्याप्रमाणे रूप पालटतो, म्हणून तक्त्यातला सुटा ‘र’ कागदावर शोधत बसण्यात अर्थ नाही. तो नेहमी मागच्या-पुढच्या अक्षरासकट गिरवावा.

एखादी ओळ पक्की लागली की तिच्यातली अक्षरे कापून एका वेगळ्या पानावर जमवत जावे. एका लेखकाच्या हातचा ‘क’ पाच ठिकाणचा, ‘का’ पाच ठिकाणचा, ‘कु’ जेथे सापडेल तेथून, अशी बाराखडीच तयार करावी. छापील तक्त्यातली अक्षरे आदर्श असतात. प्रत्यक्षात प्रत्येक कारकुनाचा हात निराळा असतो आणि पेशवेकालीन वळण व आंग्लकालीन वळण यांत बराच फरक पडतो. मग पडदा दुभागून एका अर्ध्यात मूळ कागद आणि दुसऱ्या अर्ध्यात ही बाराखडी उघडी ठेवून वाचावे. त्याच लेखकाचा दुसरा कागद हाती आला की तो पहिल्याच्या निम्म्या वेळात लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

२०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीचा समावेश झाला आणि नोटो सान्स मोडी हा विनामूल्य फॉन्टही उपलब्ध आहे. अक्षरमुख या लिप्यंतराच्या साधनात देवनागरी मजकूर टाकला तर त्याचे मोडी रूप मिळते. कागदात ‘विनंती उपरी’ असावे असा संशय आला तर तेच शब्द मोडीत करून शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र फॉन्टमधली अक्षरे सुटी सुटी आणि नीटस असतात, हे लक्षात ठेवून त्यांचा उपयोग केवळ ताळ्यासाठी करावा.

मायना, आकडे आणि तारीख

मोडी कागदाचे वाचन पहिल्या ओळीपासून सरळ शेवटापर्यंत करण्यापेक्षा आधी ठरावीक शब्दांच्या जागा शोधाव्यात. पत्राच्या आरंभी श्री, मग ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ किंवा त्याच्या जवळपासचा मायना, त्यानंतर ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ या धाटणीचे वाक्य, मग ‘विशेष’ आणि तेथून खरा मजकूर. शेवटाकडे ‘बहुत काय लिहिणे’ आणि ‘हे विनंती’. ही ओळखीची वाक्ये पिवळ्या पारदर्शक रंगाने टॅबलेटवरच रंगवून घ्यावीत. न रंगलेला भाग म्हणजे त्या पत्रातली बातमी, आणि तो पुष्कळदा चार ओळींचाच निघतो.

शब्दांमध्ये जागा न सोडणे आणि विरामचिन्हे न देणे ही मोडीची रीत असल्याने शब्द कोठे तोडायचा हे अर्थावरूनच ठरवावे लागते. समजा, ‘यासनदे’ अशी चार अक्षरे लागली. पुढे ‘प्रमाणे’ असेल तर ती ‘या सनदेप्रमाणे’ होतात आणि पुढे ‘णे’ असेल तर ‘यास न देणे’ होतात. पहिल्यात हक्क मिळतो, दुसऱ्यात नाकारला जातो. म्हणून अक्षरे आधी सलग, न तोडता लिहून घ्यावीत आणि शब्द तोडण्याचे काम पूर्ण वाक्य हाती आल्यावर दुसऱ्या फेरीत करावे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळला जात नसल्याने त्यावरून अर्थ काढण्याचा प्रयत्न करू नये.

आकड्यांत विशेष सावध असावे. आकड्यापुढील उभी रेघ पाव दाखवते, दोन रेघा अर्धा आणि तीन रेघा पाऊण, म्हणजे ५॥ हे साडेपाच आणि ५॥। हे पावणेसहा. दुसरीकडे मौजे, परगणे, तर्फ अशा नेहमीच्या शब्दांची तोडून लिहिलेली रूपेही तशाच उभ्या रेघेने दाखवतात. रेघ आकड्याची की शब्दाची, हे पडद्यावर मोठे करून, शाईच्या टोकाकडे पाहून ठरवावे लागते. धान्याच्या हिशेबात चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक स्प्रेडशीटमध्ये घालून ठेवले तर बेरीज जुळते की नाही हे लगेच दिसते, आणि बेरीज न जुळणे ही आपण कोठे तरी आकडा चुकीचा वाचल्याची खूण असते. जुना कारकून चुकला असे म्हणण्यापूर्वी आपले वाचन तपासावे. तो क्वचितच चुकतो. मापे मात्र गावागावाने बदलत, म्हणून त्या भागातले कोष्टक मिळाले तर तेच वापरावे.

तारखेसाठीही एक छोटे कोष्टक करावे. पेशवेकालीन कागदांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली एक वर्षगणना, अरबी संख्यावाचक शब्दांत येतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ, अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद, मया शंभर, मयातैन दोनशे आणि अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ याची बेरीज एक, साठ, शंभर आणि हजार म्हणजे ११६१ होते. हे वर्ष जूनच्या आरंभाच्या सुमारास, मृगाच्या वेळी सुरू होते, म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत याच ११६१ मध्ये पडते, आणि कोष्टक बरोबर झाले आहे की नाही हे तपासायला ही तारीख सोयीची आहे. फसली सन, म्हणजे महसुलाच्या कामातील वर्षगणना, असेल तर अनुक्रमे ५९० आणि ५९१ मिळवावेत, आणि शके असेल तर ७८, शकाचे अखेरचे अडीच-तीन महिने असतील तर ७९. मजकुरात ‘छ’ अक्षर आणि पुढे आकडा दिसला तर ते बहुधा मुसलमानी महिन्यातील चंद्रदिन असते, त्याची इंग्रजी तारीख पंचांगावरून किंवा जंत्रीवरून, म्हणजे तारखांच्या तयार कोष्टकावरून, काढावी.

बोलून लिप्यंतर

गिरवून झालेला मजकूर देवनागरीत उतरवताना टंकन करत बसण्याऐवजी कागद मोठ्याने वाचावा आणि जीबोर्डच्या मराठी श्रुतलेखनाला तो लिहू द्यावा. वेळ वाचतोच, पण मोठा लाभ दुसरा आहे. चुकीच्या जागी तोडलेला शब्द डोळ्यांना खटकत नाही, उच्चारला की खटकतो. या सोयीचा एक दोष मात्र माहीत हवा. तिला आजची मराठी शिकवलेली आहे, त्यामुळे ‘जाहले’ म्हटले की पडद्यावर ‘झाले’ उमटण्याचा संभव असतो आणि जुने शब्द आजच्या जवळच्या शब्दांत बदलतात. उतरवलेली प्रत्येक ओळ मूळ ओळीशी अक्षरशः ताडून पाहावी आणि लेखकाची भाषा जशीच्या तशी ठेवावी.

मूळ कागदात ओळ जेथे संपते तेथेच आपलीही ओळ संपवावी आणि ओळींना क्रमांक द्यावेत. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, शंका असलेले अक्षर चौकटी कंसात ठेवावे आणि अंदाजाने भरलेला शब्द तसा असल्याचे टिपेत लिहावे. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोगही आता होऊ लागले आहेत. त्यांचा उपयोग अडलेल्या शब्दाला सुचवणी म्हणून जरूर करावा, परंतु यंत्र न लागलेल्या जागी गप्प राहत नाही, शोभेल असा शब्द घालते, आणि जमिनीच्या कागदात शोभणारा पण चुकीचा आकडा किंवा नाव घातले गेले तर ते रिकाम्या जागेपेक्षा वाईट. घराण्याच्या हक्काचे कागद कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी घरातल्या इतरांची संमतीही घ्यावी.

वर्गात आणि दूरच्या नातलगांबरोबर

शिकवणाऱ्यासाठी टॅबलेटची सर्वांत मोलाची सोय म्हणजे लिहिण्याची प्रक्रिया टिपून ठेवणे. प्रोक्रिएट आणि आयबिसपेंट ही ॲप चित्र कसे घडले याचा व्हिडिओ स्वतःच ठेवतात, आणि इतरत्र पडद्याचे रेकॉर्डिंग करता येते. फळ्यावर शिक्षक अक्षर काढतात तेव्हा त्यांची पाठ आणि हात यांमागे नेमकी वळणाची जागा झाकली जाते. रेकॉर्डिंगमध्ये ती उघडी असते, थांबवता येते, मागे नेता येते. विद्यार्थ्यांनीही गृहपाठ म्हणून पूर्ण अक्षराच्या चित्राऐवजी असा व्हिडिओ पाठवावा. शेवटचे चित्र बरोबर दिसत असले तरी पेन कोठे उचलले हे व्हिडिओत लपत नाही. टॅबलेट दूरदर्शनच्या संचाला जोडून एकच ओळ साऱ्या वर्गाला मोठी करून दाखवावी आणि प्रत्येकाला एकेक शब्द गिरवायला बोलवावे. तासात एक ओळ झाली तरी पुष्कळ झाले.

परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांना पडदा सामायिक करण्याची सोय उपयोगी पडते. अक्षरे लावण्याचे काम तरुण करू शकतात, पण पायली, बलुते, तक्षीम, मिरास हे शब्द गावाकडच्या आजीला किंवा काकांना त्यांच्या वापरासकट माहीत असतात. दोघांनी एकच ओळ पाहत बोलावे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठ्यांच्या राजवटीतील मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे आणि तेथील मराठीवर तमिळचा रंग चढलेला आहे. तशा कागदासाठी तमिळ जाणणारा माणूस सोबत असल्याशिवाय नुसत्या लिपीच्या ज्ञानावर भागत नाही.

दफ्तरखान्यात आणि कचेरीत

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतही हजारो मोडी कागद आहेत. अशा ठिकाणी फोटो घेण्याचे नियम आणि शुल्क संस्थेनुसार वेगवेगळे असते, म्हणून टॅबलेट बाहेर काढण्यापूर्वी लेखी परवानगीचे विचारावे. मूळ कागदाजवळ शाईचे पेन चालत नाही, त्या दृष्टीने टॅबलेटचे पेन निर्धोक आहे, मात्र ते कागदावर टेकवून ओळ दाखवण्याचा मोह टाळावा. रुमाल क्रमांक आणि कागदाचा अनुक्रम पहिल्याच फोटोत येईल असे पाहावे. क्रमांक नसलेला उत्तम फोटो संशोधनाला निरुपयोगी ठरतो.

वारसा, जमीन किंवा जातीच्या दाखल्यासाठी कागद वापरायचा असेल तर आपले टॅबलेटवरील लिप्यंतर हा केवळ मदतीचा मसुदा मानावा. कचेरीत मूळ कागदाची किंवा अभिलेखाची साक्षांकित नक्कल आणि जाणकार मोडी वाचकाने सही करून दिलेले लिप्यंतर मागितले जाते, आणि कोणाची सही तेथे ग्राह्य आहे हे आधीच विचारून घेतले तर हेलपाटा वाचतो. त्या वाचकाकडे जाताना जाड कागदांचे गाठोडे नेण्याऐवजी टॅबलेटवर तीन गोष्टी एकाच पानावर मांडून न्याव्यात, वर मूळ ओळीचा फोटो, तिच्याखाली गिरवलेली ओळ आणि त्याखाली देवनागरी. शंकेच्या जागा लाल वर्तुळाने दाखवाव्यात. जाणकार माणूस मग सगळा कागद नव्याने लावत बसत नाही, थेट त्या वर्तुळांवर नजर टाकतो. त्याने सुचवलेली दुरुस्ती आपल्या देवनागरी ओळीवर न खोडता वेगळ्या लेअरमध्ये, त्याच्या नावासह आणि तारखेसह लिहावी, कारण पुढे कोणी तिसऱ्याने तोच शब्द निराळा वाचला तर कोणी काय आणि कधी वाचले होते हे कळणे आवश्यक असते.